डाव्या कुशीवरची फुली

अंबूबाईचा संशय कुणावरही बसायचा आणि एकदा बसला की उठायचं नाव घ्यायचा नाही. दूध नेणारा माप मारतो, कारखान्याचा काटा वजनात ऊस खातो, शेजारची दगडाबाई आपल्या कोंबड्यांची अंडी उचलते, हे सगळं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. यातलं निम्मं पुढं खरं निघालं, आणि तिथंच बाईचा घात झाला. दोन-चार संशय खरे निघाले की माणसाला तो संशय वाटत नाही, हुशारी वाटायला लागते.

उंब्रजजवळ हायवे सोडून आत वळलं की उसाच्या मळ्यात तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा वीरधवल फौजेत, जम्मूकडं. घरात ती, सून राजेश्वरी आणि तीन वर्षांचा नातू ऋषिराज. राजेश्वरी सांगलीची, शहरात वाढलेली, शिकलेली. सासूनं तिला कधी घालूनपाडून बोललं नाही. पण सून माहेरी जाऊन आली की ती तिथं काय काय बोलून आली असेल, याचा अंदाज घेत बसायची अंबूबाईला खोड होती.

ह्या खेपेला राजेश्वरी सांगलीहून आली ती चेहरा उतरवूनच. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आत्या, ऋषीचं ऑपरेशन करावं लागणार. डावी किडनी फारच फुगलीय."

ऋषी त्या घडीला अंगणात वासराच्या मागं धावत होता. अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं.

"ह्येला? ह्येला काय झालंय?"

"पोटात होता तेव्हाच सोनोग्राफीत दिसलं होतं की. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं हुतंस. पोटातल्या पोराचं डॉक्टर काय बी सांगत्यात म्हणून मी सोडून दिलं. पर पोरगं कवा दुकतंय म्हणालं का?"

"दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. आतल्या आत ती खराब होत चाललीय. सुई टोचून फोटो काढला. मागच्या वर्षीपेक्षा तिचं काम बरंच कमी झालंय."

अंबूबाई "बरं" म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी थापता थापता तिचं डोकं चालू झालं. राजेश्वरीच्या आईच्या, म्हणजे विहीणबाई प्रमोदिनीच्या, दोन्ही किडन्या ह्याच चैत्रात बसल्या होत्या. तेव्हापासून विहीणबाईंचं डायलिसिस चालू होतं, आणि ते सांगलीच्या त्याच दवाखान्यात, जिथं ऋषीला दाखवत होते. डायलिसिस खालच्या मजल्यावर, मुलांचा सर्जन वरच्या मजल्यावर. मधे एक जिना.

एवढ्यावर थांबली असती तर ती अंबूबाई कसली? तिला आठवलं की पोराचा रक्तगट आजीवर गेलाय, असं राजेश्वरीच एकदा कौतुकानं म्हणाली होती. उन्हाळ्यात सगळे विहीणबाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी ऋषीला जवळ ओढून पाठीवरून, कुशीवरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "ह्याच्या जिवावरच जगतेय हो मी." तेव्हा ते बोलणं अंबूबाईला गोड वाटलं होतं. आता तिची भाकरी तव्यावर करपली.

तीन वर्षांच्या लेकराची किडनी काढून आजीला बसवायला कायदा परवानगी देत नाही आणि कुठला डॉक्टर धजतही नाही. हे तिनं कुणालाही विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही, टपून बसतं. विचारलं तर एकाच बाईला, दगडाबाईला. दगडाबाईनं मोबाईलवर कुठल्या तरी परमुलखातला व्हिडिओ दाखवला, त्यात एक माणूस पोटावरचा व्रण दाखवत रडत होता.

"आवं, भूल दिल्यावर कोण बघतंय आत काय केलं ते?" दगडाबाई म्हणाली. "एक काढली तरी पोरगं जगतंय. म्हंजे कुनाला पत्ता बी न्हाई."

अंड्यांच्या बाबतीत जिच्यावर कवडीचा विश्वास नव्हता, तिचं हे बोलणं मात्र अंबूबाईनं पदरात बांधून घेतलं.

गौरी-गणपतीला वीरधवल सुट्टीवर आला आणि सगळेच सांगलीला गेले. मुलांचे सर्जन डॉक्टर उपाध्ये बोलायला शांत होते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. किडनीतून लघवी खाली उतरते, ती नळी तोंडाशीच जन्मापासून अरुंद आहे, त्यामुळं लघवी वर तुंबते आणि किडनी फुगते. अरुंद तुकडा कापून टाकायचा आणि नळी पुन्हा नीट जोडायची, एवढंच काम.

अंबूबाईला ते समजलं. मोरी गच्च झाली की पाटाचं पाणी मागं फुगतं आणि बांध फुटतो, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. समजलं म्हणून पटलं असं मात्र नाही.

"कुठल्या बाजूची म्हणायची, डाक्टर?"

"डावी, आजी. उजवी अगदी उत्तम आहे."

"म्हंजे उजवीला हात लावायचं काम न्हाई?"

"अजिबात नाही."

"आन् डावी? ती आत ऱ्हाणार का तुमी काढून घेणार?"

वीरधवलनं आईकडं बघून डोळे वटारले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. "ती वाचवायलाच तर ऑपरेशन करतोय. आणखी उशीर केला आणि ती पुरती निकामी झाली, तर मग काढावी लागते. आज ती वेळ नाही."

साधं, सरळ उत्तर होतं. अंबूबाईच्या कानात त्यातलं 'काढावी लागते' एवढंच शिरलं. खोलीबाहेर आले तर समोर जिना चढून प्रमोदिनीबाई येत होत्या, हातावर सुईच्या जागी पट्टी लावलेली, धाप लागलेली. डॉक्टरांनी दारातूनच त्यांना ओळखून विचारलं, "काय आजी, आज लवकर सुटलात?" विहीणबाई हसल्या, बाकावर टेकल्या आणि ऋषीला मांडीवर घेऊन त्याच्या कुशीवरून हात फिरवायला लागल्या.

डॉक्टर त्यांना ओळखतो! आता पुरावा आणखी कसला पाहिजे होता?

उजवी चांगली म्हणजे उजवीच न्यायची, असा तिनं हिशोब केला. कापायचं डावीकडं म्हणून आत न्यायचं आणि काढायची उजवी. विहीणबाईंना फुगलेली कशाला लागतेय! वीरधवलला सांगावं तर तो बायकोच्या माहेरावर असा आळ घेतला म्हणून आकांत करेल. नाही सांगावं तर लेकरू उघडं पडतंय. नातू म्हणजे तिचा जीव होता, यात खोट नव्हती. त्याच्यासाठी ती कुणाच्याही अंगावर गेली असती. म्हणून तिनं आपल्या परीनं उपाय काढला.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी तिनं ऋषीला स्वतः न्हाऊ घातलं. राजेश्वरी बॅग भरत होती, वीरधवल गाडी पुसत होता. अंबूबाईनं फडताळातून बिब्बा काढला. बिब्ब्याची खूण साबणानं जात नाही, दगडावर आपटली तरी जात नाही. परीट कपड्यांवर त्याचीच खूण करतात. लहानपणी वीरधवलचं पोट दुखलं की तिनंच त्याच्या बेंबीभोवती बिब्ब्याचे टिपके दिले होते. तिनं तो दिव्यावर धरला, सुई टोचली, काळं तेल सुटलं. त्या सुईनं तिनं ऋषीच्या डाव्या कुशीवर फुली काढली. कापायचं ते इथं, आणि डॉक्टरच्या हाताला पलीकडं जायला तोंड राहू नये. शिवाय आपल्या घरातलं कुणीतरी जागं आहे, हे त्यांना कळलेलं बरं.

टिपका देताना सुई नुसती टेकवायची असते. अंबूबाईनं ठळक दिसावी म्हणून फुली दोनदा गिरवली. ऋषी "आज्जे, चावतंय" म्हणाला. तिनं फुंकर घातली, अंगडं चढवलं आणि त्याच्या हातात लाडू दिला.

सांगलीला वॉर्डात श्रद्धा नावाची सिस्टर होती, कामाला चटपटीत, पोरांशी गोड बोलणारी. तिनं ऋषीचं अंगडं काढलं आणि थबकली.

"हे काय काळं?"

"काजळ हाय," अंबूबाई पटकन म्हणाली. "दिष्ट लागू नये म्हणून."

राजेश्वरीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण सासूचं काजळ तिला नवं नव्हतं. उद्या कापायची जागा स्वच्छ पाहिजे, म्हणून श्रद्धा ओल्या कापसानं पुसायला लागली. काजळ असतं तर निघालं असतं. निघेना तशी तिनं स्पिरिट घेतलं आणि जोरानं घासलं. पोरगं कळवळलं. काळं हललं नाही, उलट भोवती लाल झालं. "कसलं काजळ आहे हो हे?" ती अंबूबाईकडं वळून म्हणाली. अंबूबाई खिडकीबाहेर बघत होती. खूण जात नाही, हे बघून तिला आतून बरंच वाटत होतं.

सकाळी फुलीच्या जागी तळहाताएवढे फोड आले होते. कातडी तटतटून वर आलेली, पाणी सुटलेलं. पोरगं रडून रडून निळं पडलेलं. डॉक्टर उपाध्ये आले, वाकून बघितलं आणि सरळ होत म्हणाले, "ह्या कातडीवर सुरी चालवता येणार नाही. जंतू आत जातील. काही लावलं होतं का ह्याला? बिब्बा वगैरे?"

खोलीत सगळे होते. वीरधवल, राजेश्वरी, पायथ्याशी श्रद्धा. आपण गिरवली ती फुली उतून फोड आलेत, हे अंबूबाईला दिसत होतं. बिब्बा एखाद्याच्या अंगावर उततो, हे तिला ठाऊक का नव्हतं? पण आपल्या हातचा कुणाला उतला नव्हता, म्हणून तिनं तो विचार केलाच नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली. "काजळाचं बोट लावल्यालं. ह्या बाईनंच काल कायतरी घासलं, पोरगं कळवळलं तरी थांबली न्हाई."

खोटं असं की त्यातला शेवटचा तुकडा खरा होता. राजेश्वरीनंही तो डोळ्यांनी बघितला होता. वीरधवलचा पारा चढला. फौजेतला माणूस, आवाज मुळात मोठा, सगळा मजला गोळा झाला. "माझ्या पोराला भाजलं तुम्ही! काय ॲसिड लावता का?" श्रद्धा रडवेली होऊन सांगत होती की स्पिरिटनं असे फोड येतच नाहीत. त्यानं तिचं ऐकलं नाही. तक्रार केली, फोडांचा फोटो काढून मोबाईलवर सगळ्यांना पाठवला.

डॉक्टर जाता जाता राजेश्वरीला एवढंच म्हणाले, "राग माझ्यावर काढा, पण तारीख चुकवू नका. दोन-तीन आठवड्यांत कातडी भरेल. तेव्हा लगेच आणा. मधे ताप आला तर त्याच दिवशी या. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर किडनी हाताला लागणार नाही."

गाडीत ऋषी अंबूबाईच्या मांडीवर झोपला होता. किडनी अजून जिथल्या तिथं होती, दोन्ही. खूण करून आपण काम फत्ते केलं की बिघडवलं, हे तिचं तिला ठरवता येईना.

सुट्टी संपून वीरधवल गेला. जाताना बजावून गेला, "त्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. दिवाळीला येतो, मग पुण्याला दाखवू." फोड सुकले, खपल्या धरल्या. दोन आठवडे झाले तसा सांगलीहून फोन आला. राजेश्वरी फोन हातात धरून सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, काय करू? डॉक्टर स्वतः बोलत होते. यांचं म्हणणं जाऊ नको. मला रात्रभर झोप लागत नाही. दवाखान्याचंच चुकलं असेल तर त्यांच्या हातात परत पोर कसं द्यायचं?"

इथं सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सुनेचा दवाखान्यावरचा संशय आपणच लावलेला आहे आणि तो खोटा आहे, हे ठाऊक असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते चुलीपुढं शेंगा सोलत बसलं होतं. अंबूबाईनं तोंड उघडलं. पण बिब्बा लावला म्हटलं की का लावला हे आलं, आणि का लावला म्हटलं की विहीणबाई आल्या. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात जिना अजून होताच. खोटं बोलल्याची लाज आणि जुना संशय दोघांनी मिळून तिचं तोंड बंद केलं.

"पितरांचा पंधरवडा लागलाय," ती म्हणाली. "ह्यात कुनी चांगलं काम करत न्हाई. सरू दे."

राजेश्वरीनं फोन खाली ठेवला. ज्या सुनेनं आजवर पंधरवड्याला धूप घातला नव्हता, तिनं ते कारण मुकाट्यानं मानलं. घाबरलेल्या माणसाला थांबायला काहीतरी निमित्त हवंच असतं.

सर्वपित्रीच्या आधीच ऋषीला ताप भरला. आधी अंग कोमट, मग असं तापलं की हात ठेववेना. सकाळी तो डाव्या अंगावर वळू देईना. दुपारी उलट्या सुरू झाल्या. राजेश्वरीनं शेजारच्या तात्याबाची गाडी बोलावली आणि नवऱ्याला विचारायच्या भानगडीत न पडता सांगलीची वाट धरली. अंबूबाई मागं नातवाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कुशीवर काळी खूण अजून होती आणि तिच्याखाली गोळा हाताला लागत होता, कडक. तिनं हात काढून घेतला.

दवाखान्याच्या दारालगतच्या तातडीच्या खोलीत पुढं आली ती श्रद्धा. तक्रारीनंतर तिला वरच्या वॉर्डातून खाली आणलं होतं. तिनं पोराला ओळखलं, आईला ओळखलं, क्षणभर थांबली आणि तरी हात पुढं केले. "द्या इकडं. किती तापलाय! सलाईन लावायला हवं लगेच."

राजेश्वरी मागं सरकली. "तू नाही. तू हात लावायचा नाहीस ह्याला."

"ताई, आत्ता इथं मीच आहे. डॉक्टर ऑपरेशनात आहेत, निरोप जातोय वर."

"मग मी दुसरीकडं नेते." आणि ती खरोखर वळली, पोराला छातीशी धरून दाराकडं निघाली. बाहेर तात्याबानं गाडी अजून बंद केली नव्हती. ऋषीची मान तिच्या खांद्यावरून लोंबत होती, डोळे अर्धवट उघडे. दुसरीकडं म्हणजे कुठं, तिथं मुलांचा सर्जन असेल का, ह्यातलं तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त ह्या बाईपासून लांब पळत होती.

अंबूबाई तिला आडवी झाली. दारच अडवून उभी राहिली.

"राजे, थांब. तिला दे पोरगं."

"सरा बाजूला, आत्या!"

"तिनं काय केलं न्हाई गं. मी केलंय. बिब्ब्याची फुली घातली हुती मी. काजळ न्हवतं ते. तिच्या हातानं काय झालं न्हाई. दे तिला, पाया पडते तुझ्या, दे."

राजेश्वरीला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की अंबूबाईला वाटलं, हिनं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. ती माघारी फिरली आणि पोर श्रद्धाच्या हातात दिलं. श्रद्धानं काही ऐकल्यासारखं दाखवलं नाही. ऋषीचा दंड बांधला आणि शीर शोधायला लागली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पाठीतून किडनीत नळी घातली. बाहेर आला तो निव्वळ पू. दोन दिवस पोराचं काही खरं नव्हतं. मग ताप उतरला, ऋषीनं पेज मागितली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. वीरधवलला फोनवर सगळं कळलं. "आये," तो म्हणाला, "मी त्या पोरीला काय काय बोललो गं." आणि त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार मागं घेतली आणि श्रद्धाला फोन करून माफी मागितली. ती पुन्हा वरच्या वॉर्डात आली.

नळी तशीच ठेवून दसरा गेला. फुगवटा उतरल्यावर किडनी कदाचित थोडी सावरेल, अशी डॉक्टरांना आशा होती. म्हणून पुन्हा सुई टोचून फोटो काढला, आणि त्याचा निकाल सांगायला ते वॉर्डाबाहेरच्या बाकापाशी आले. बाकावर राजेश्वरी होती, शेवटाला अंग चोरून अंबूबाई, आणि दोघींच्या मधे प्रमोदिनीबाई. त्यांना खाली मशीनवर जायचं होतं, पण नातवाचं कळल्याशिवाय त्या जायला तयार नव्हत्या.

"डावी किडनी जवळजवळ काहीच काम करत नाही," डॉक्टर म्हणाले. "ठेवली तर पुन्हा पू होईल. काढावी लागेल."

राजेश्वरीनं मान हलवली. तिनं ते आधीच धरून ठेवलं असावं. प्रमोदिनीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला, आणि दुसरा हात शेजारी चाचपडत अंबूबाईच्या हातावर ठेवला. आपण दोघी आज्या, असं त्या हातात होतं. सुयांनी टेंगळं आलेला, थंड हात होता तो.

"दुसऱ्याची बसवता येते का हो, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "माझ्या धड असत्या तर आज दोन्ही दिल्या असत्या ह्याला. माझं काय राहिलंय आता."

"गरज नाही, आजी. उजवी उत्तम आहे. एका किडनीवर माणूस अख्खं आयुष्य काढतो. फक्त तिला जपायचं." डॉक्टर आत गेले.

अंबूबाईला तो थंड हात हातावर पेलवेना आणि काढूनही घेता येईना. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. इतक्या दिवसांत राजेश्वरी तिच्याशी कामापुरतं बोलली होती. का, एवढं मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. आता तिनं विचारलं, आवाज न चढवता.

"आत्या, ती फुली कशाला घातली होती? कुणाची भीती होती तुम्हाला?"

डॉक्टरचं नाव घेतलं असतं तर भागलं असतं. खेड्यातली म्हातारी, डॉक्टरला भ्याली, असं म्हणून सगळे गप्प बसले असते. पण विहीणबाई तिचा हात कुरवाळत होत्या, आणि त्या हाताखाली आणखी एक खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"ह्यांची," ती म्हणाली. "विहीणबाईंची. मला वाटलं, पोराची किडनी ह्यांना घालायची हाय. एकाच दवाखान्यात दोगं, रगत बी एक. म्हणून केलं."

प्रमोदिनीबाईंचा हात कुरवाळायचा थांबला. त्यांना ते ऐकू आलं होतं, पण कळायला वेळ लागत होता.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "ऋषीची? मी?"

त्यांनी हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. मग लेकीकडं वळून म्हणाल्या, "राजू, मला खाली सोड. माझी मशीनची वेळ झाली." राजेश्वरीनं त्यांना दंडाला धरून उठवलं. दोघी जिन्याकडं गेल्या. प्रमोदिनीबाई एकेका पायरीला थांबत होत्या, पण एकदाही त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

अंबूबाई बाकावर एकटी राहिली. तेवढ्यात आतून हाक आली.

"आज्जे! शू लागली."

ती सवयीनं उठली. तीन वर्षं त्या हाकेला तीच उठत आली होती. वॉर्डाच्या दारात पोचली तर श्रद्धा आतून पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. नळी लावलेल्या पोराची जशी काळजी घ्यायची असते, तशी ती घेत होती.

"तुम्ही नका, आजी," ती म्हणाली. "मी घेते त्याला."

अंबूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती दाराबाहेर उभी राहिली.